मोठ्या पंपाचा पूर्वपक्ष

अमेरिकेत जुनं मोटरहोम विकत घेणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: शॉवरची धार बारीक आहे ना, मग मोठा पंप बसव. कॅम्पग्राउंडवरचा शेजारी हेच सांगतो आणि सुट्या भागांच्या दुकानातला विक्रेताही. हे मत इतकं रुळलं आहे की गाडीतली पाण्याची व्यवस्था सुधारणं म्हणजे जास्त ताकदीचा पंप लावणं, असंच लोक धरून चालतात. बहुतेक गाड्यांत हे निदान चुकीचं असतं, आणि त्यात पैशापेक्षा पाणी जास्त वाया जातं.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू. मोटरहोममधला पंप बारा व्होल्टवर चालतो. आतला रबरी पडदा हलवून तो टाकीतलं पाणी ओढतो आणि ठरावीक दाब आला की आपोआप बंद होतो. नेहमीचा पंप मिनिटाला सुमारे ११ लिटर देतो, मोठा १५ ते २०. तेव्हा धार वाढलीच पाहिजे, असा हा युक्तिवाद.

पण हे आकडे पंपाचं तोंड मोकळं सोडून मोजलेले असतात. दाब चढत जातो तसं पाणी कमी होतं, लहान पंपाचं आणि मोठ्याचंही. दुसरी मर्यादा शॉवरची. १९९२च्या ऊर्जा कायद्याने अमेरिकेत शॉवरमधून मिनिटाला अडीच गॅलनची, म्हणजे साधारण साडेनऊ लिटरची कमाल मर्यादा घातली, तीही ८० पीएसआय दाब असताना. गाडीतला पंप ५५च्या आसपास थांबतो. शॉवरमध्ये खपू शकणारं पाणी मुळात लहान पंपाच्या आवाक्यातलं आहे.

मग धार बारीक का? इथे आपल्या नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक, म्हणजे कारण असताना परिणाम होतो का आणि नसताना थांबतो का हे पाहणं, उपयोगी पडतो. कॅम्पग्राउंडवरच्या नळाला गाडी जोडली की पंप वाटेतून बाजूला पडतो. पाणी नळाच्या दाबावर थेट आत येतं. आता शॉवर सोडून बघावा. धार तेवढीच बारीक असेल, तर जो पंप चालूच नाही त्याला दोष कसा देणार? ही परीक्षा करताना नळाजवळचा रेग्युलेटर मात्र तपासून घ्यावा. स्वस्तातल्या पितळी रेग्युलेटरचं भोक इतकं अरुंद असतं की तोच पाणी अडवतो.

अडथळा बहुधा पाइपातच असतो. वाइसबाख या अभियंत्याने १८४५ मध्ये मांडलेलं आणि डार्सी या दुसऱ्या अभियंत्याने १८५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी भक्कम झालेलं पाइपातल्या घर्षणाचं गणित इथे निर्णायक आहे. त्याच पाइपातून दुप्पट पाणी ढकलायचं तर दाबाची घट तिपटीहून जास्त होते. उलट, आतला व्यास ९ मिलिमीटरवरून १२ केला, तर तेवढ्याच पाण्यासाठी घट सुमारे चौथ्या हिश्श्यावर येते. प्रत्येक एल्बो आणि पाइपात घुसणारा प्रत्येक जोड वाट आणखी आवळतो. मोठा पंप या घर्षणाशी झुंजत बसतो. प्लॅस्टिकचा रुंद पेक्स पाइप आणि कमी वळणं ते घर्षणच कमी करतात.

पंपाच्या अलीकडची बाजू तर कुणी बघतच नाही. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक वाटी असलेली छोटी गाळणी असते. ती उघडली की पुष्कळदा जाळीवर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कुरळ्या सालींचा थर दिसतो. कारखान्यात टाकीला भोकं पाडताना निघालेला हा चुरा कुणी बाहेर काढलेलाच नसतो. ओढणारा पाइप मऊ असेल, तर वळणावर तो चिमटतो. टाकीत हवा घेणारी नळी दुमडलेली असली, तरी पाणी अडखळतं. अशा ठिकाणी मोठा पंप लावला की तो जास्त जोराने ओढतो आणि मऊ पाइप आणखी आत खेचला जातो.

विजेचंही असंच आहे. सव्वा चौरस मिलिमीटरच्या आसपासची तांब्याची तार, बॅटरीपासून पंप सहा मीटर लांब, जाऊन-येऊन बारा. आठ अँपिअरला वाटेतच सव्वा व्होल्टहून जास्त गळतात, बारातले! दहा अँपिअर ओढणाऱ्या पंपाला आणखी कमी मिळतात. व्होल्टमीटर पंपाच्या टोकांवर, आणि पंप चालू असताना लावावा. बॅटरीवरचा आकडा पाहून काहीच कळत नाही.

जुन्या गाड्यांत मोठ्या पंपाचा सल्ला नुसता फोल नाही, धोक्याचाही आहे. १९७८ ते १९९५ या काळात अमेरिकेत घरांत आणि मोटरहोममध्येही राखाडी रंगाचे पॉलिब्युटिलीन पाइप सर्रास वापरले गेले. पाण्यातल्या क्लोरीनने ते आणि त्यांचे प्लॅस्टिकचे जोड ठिसूळ होतात. १९९५ मध्ये उत्पादकांना ९५ कोटी डॉलरची तडजोड मान्य करावी लागली. अशा पाइपांवर जास्त दाबाचा पंप लादणं म्हणजे फरशीखाली गळती ओढवून घेणं. इथे पैसे आधी पाइपांवरच खर्च व्हायला हवेत.

पाण्याचा मुद्दा मला सगळ्यांत जवळचा वाटतो. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात हिवाळ्यात असंख्य मोटरहोम नळजोडणीशिवाय उभी असतात. टाकी १५० लिटरची असेल, तर मिनिटाला सहा लिटर वाहिल्यास ती पंचवीस मिनिटांत रिकामी होते, दहा लिटरने पंधरा. शिवाय सांडपाण्याची टाकीही तितक्याच वेगाने भरते. वाळवंटात राहणाऱ्याला हवी असते ती एकसारखी धार. त्यासाठी छोटी दाबटाकी बसवावी आणि तिच्यातली हवा पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याच्या किंचित खाली ठेवावी. मग नुसता हात धुवायला नळ सोडला, तर पंप दर क्षणाला चालू-बंद होत नाही, आणि रात्री कुणाची झोपही मोडत नाही.

मोठ्या पंपाला जागाच नाही, असं मी म्हणत नाही. चाळीस फुटी गाडी, दोन न्हाणीघरं, कपडे धुण्याचं यंत्र, आणि सगळे नळ एकदम उघडण्याची सवय असेल, तर ११ लिटर अपुरेच पडतात. पडदा झिजलेला जुना पंपही बदललाच पाहिजे. पण तेव्हाही तार जाड हवी, ओढणारा पाइप रुंद आणि न चिमटणारा हवा, आणि गाळणी नव्या पंपाच्या मापाची हवी.