ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यातील पूरक विकरे

ब्रॉयलर कोंबडीला खाद्यातील काही घटक स्वतःच्या बळावर पचवता येत नाहीत. असे घटक फोडण्यासाठी खाद्यात जी विकरे म्हणजेच एन्झाइम बाहेरून मिसळतात, त्यांना पूरक विकरे म्हणतात. बुरशी, जिवाणू किंवा यीस्ट यांची वाढ करून ती तयार केली जातात. ब्रॉयलरपालनाच्या एकूण खर्चात खाद्याचा वाटा सुमारे दोन तृतीयांश असतो. त्यामुळे न पचता विष्ठेतून बाहेर पडणारे पोषण म्हणजे पालकाचा थेट तोटा ठरतो.

गरज का भासते?

पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ पचवणारी विकरे कोंबडीच्या शरीरात तयार होतात. धान्याच्या पेशीभित्तिकांमधील तंतुमय घटक फोडणारी विकरे मात्र तिच्याकडे नसतात. गाई-म्हशींच्या पोटात हे काम सूक्ष्मजीव करतात. कोंबडीच्या पोटातून खाद्य काही तासांतच बाहेर पडते, म्हणून तिला ती सोयही फारशी मिळत नाही.

चिकटपणा कमी करणारी विकरे

गहू आणि बार्ली यांतील काही तंतू पाण्यात विरघळून आतड्यातील खाद्य चिकट करतात. मग इतर पोषकद्रव्यांचेही पचन मंदावते आणि विष्ठा पातळ, चिकट होते. शेडमधील तुसाची गादी ओली राहते, अमोनिया वाढतो आणि पायांच्या तळव्यांना जखमा होतात. गव्हासाठी झायलनेज आणि बार्लीसाठी बीटा-ग्लुकानेज हे विकर या तंतूंच्या लांब साखळ्या तोडते. मक्यात हा चिकटपणा कमी असतो. त्यामुळे मका-सोयाबीनवर आधारित खाद्यात या विकरांचा परिणाम गहू-बार्लीच्या खाद्याइतका ठळक दिसत नाही.

फायटेज

मका आणि सोयाबीन पेंडीतील सुमारे दोन तृतीयांश स्फुरद फायटेटच्या रूपात अडकलेला असतो. तो कोंबडीला फारसा मिळत नाही. हाडांच्या वाढीसाठी मग खाद्यात डायकॅल्शियम फॉस्फेट घालावे लागते आणि न पचलेला स्फुरद विष्ठेवाटे शेतात व पाण्यात जातो. नेदरलँड्समध्ये पशुधनाच्या दाटीमुळे ही समस्या तीव्र झाली होती. तेथेच १९९१ मध्ये व्यापारी फायटेज बाजारात आले.

किलोभर खाद्यात साधारण ५०० एकक फायटेज मिसळल्यास सुमारे १ ग्रॅम स्फुरदाची गरज भागते. या हिशेबाने १८ टक्के स्फुरद असलेले डायकॅल्शियम फॉस्फेट टनामागे ५ किलोहून अधिक वाचते.

फायदा कधी मिळत नाही?

विकर स्वतः पोषण पुरवत नाही. खाद्यात असलेलेच पोषण ते मोकळे करते. म्हणून त्याचा खर्च तेव्हाच वसूल होतो, जेव्हा खाद्याचे सूत्र त्यानुसार बदलले जाते. फॉस्फेट पूर्ण प्रमाणात ठेवून वर फायटेज घातले, तर बचत होत नाही.

उलट चूक अधिक महागात पडते. विकर हे प्रथिन असल्याने उष्णतेने निकामी होते. गोळीखाद्य बनवताना वाफेमुळे तापमान ८० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. फॉस्फेट कमी केले आणि फायटेजही निकामी झाले, तर पक्ष्यांची हाडे कमकुवत होतात, ते लंगडतात व वजन घटते. ब्रॉयलरचे आयुष्य जेमतेम सहा आठवड्यांचे असल्याने ही हानी भरून काढायला वेळ उरत नाही. यासाठी उष्णता सोसणारी किंवा आवरण दिलेली विकरे वापरतात, अथवा गोळी थंड झाल्यावर त्यावर द्रवरूप विकर फवारतात. बुरशी लागलेल्या मक्यातील विषावर मात्र फायटेज किंवा झायलनेजचा उपयोग होत नाही.

मांस खाणाऱ्यांसाठी

पूरक विकरे ही संप्रेरके नाहीत आणि प्रतिजैविकेही नाहीत. ती कोंबडीच्या पचनमार्गातच काम करतात आणि पुढे खाद्यातील इतर प्रथिनांप्रमाणे पचून जातात.