तळटीप : भिंतीची झीज

* ‘भिंतीला न शिवणारा प्लाझ्मा’ : कोट्यवधी अंश तापलेला प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्र अधांतरी तोलून धरते, हे लेखकाचे म्हणणे खरे. पण कडेचे काही कण निसटतात, भिंतीवर आदळतात आणि तिचे अणू उखडतात. ड्युटेरियमच्या कणाला कार्बनचा अणू उडवायला सुमारे ३० इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, टंगस्टनचा उडवायला २०० हून अधिक लागतात. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने ‘एसएसटी-१’ या संलयन (फ्यूजन) यंत्रामध्ये ग्रॅफाइटच्या फरशा बसवल्या. ग्रॅफाइट वितळत नाही, ही त्याची जमेची बाजू. मात्र हायड्रोजनशी संयोग होऊन तो रासायनिक रीतीनेही झिजतो. सुटलेला कार्बन कोपऱ्याकपाऱ्यांत पातळ थर होऊन पुन्हा बसतो आणि त्या थरात मोलाचा, किरणोत्सारी ट्रिटियम अडकून पडतो. संलयनावरच्या वीजकेंद्राला हे परवडणारे नाही. टंगस्टन सुमारे ३,४०० अंशांपर्यंत टिकतो, पण त्याचे अगदी थोडे अणू गाभ्यात शिरले तरी प्लाझ्मा थंडावतो. तरीही फ्रान्समधल्या ‘ईटर’ या संलयन प्रकल्पाने २०२३ मध्ये बेरिलियम सोडून आतल्या भिंतीसाठी टंगस्टनच निवडला. आमच्या मते तो निर्णय योग्यच आहे.

तापी जिथे समुद्राला मिळते, त्या परिसरातल्या हजिऱ्याच्या कारखान्यात याच ‘ईटर’च्या क्रायोस्टॅटचे सुटे भाग घडले, शेवटचा २०२० मध्ये रवाना झाला. पण क्रायोस्टॅट हे सर्वांत बाहेरचे पोलादी कवच आहे. झीज सोसणारी भिंत त्याच्या पुष्कळ आत असते. वाचकांनी दोहोंची गल्लत करू नये. — संपादक