सिंगल सोर्सिंग: मूळ मजकूर एक, माहितीपुस्तिका अनेक

मिक्सरची तीन मॉडेल्स असली की माहितीपुस्तिकाही तीन लागतात. त्यातला बराचसा मजकूर सारखाच असतो. तो तीन फायलींत वेगवेगळा ठेवला, तर सुरक्षेची सूचना दोन ठिकाणी बदलते आणि तिसरीकडे जुनीच राहून जाते.

हे टाळण्यासाठी ‘सिंगल सोर्सिंग’ वापरतात. मजकूर एकाच ठिकाणी लिहायचा आणि ठरावीक मॉडेलपुरत्या भागांना खुणा करायच्या. सॉफ्टवेअर त्या खुणांनुसार नको तो भाग गाळून पीडीएफ किंवा वेबपान तयार करतं.

यासाठीची एक प्रचलित पद्धत म्हणजे ‘डिटा’. आयबीएमने ती विकसित केली आणि २००५ मध्ये ‘ओएसिस’ या संस्थेने तिला मानक म्हणून मान्यता दिली. नावातला ‘डी’ चार्ल्स डार्विनचा आहे, कारण यात मजकुराच्या मूळ प्रकाराचे गुण घेऊन नवे प्रकार बनवता येतात.

मात्र मुळातली चूकही प्रत्येक प्रतीत जाते. खूण चुकली, तर हवी असलेली सूचनाच गळते. म्हणून प्रत्येक आवृत्ती छापण्याआधी स्वतंत्रपणे तपासावी लागते.