पीटर सेजविक : आजाराला आजार म्हणणारा समाजवादी

आपल्याच माणसांना ‘तुमचे चुकते आहे’ असे सांगायचे आणि तरीही त्यांची साथ सोडायची नाही, हे चळवळीतले सर्वांत कठीण काम. इंग्लंडमधील पीटर सेजविक (१९३४-१९८३) यांनी ते आयुष्यभर केले. कार्यकर्ता, अनुवादक आणि मानसिक आरोग्यावरील लेखक अशी त्यांची तिहेरी ओळख आहे. ही तिन्ही कामे एकाच वृत्तीतून झाली.

ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना सेजविक कम्युनिस्ट पक्षात होते. १९५६ साली ख्रुश्चेव्हने स्टालिनच्या अत्याचारांची कबुली दिली आणि त्याच वर्षी सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले. हजारो ब्रिटिश सभासदांनी पक्ष सोडला. त्यांतील अनेकांनी राजकारणच सोडले. सेजविक यांनी पक्ष सोडला, समाजवाद सोडला नाही. वॉशिंग्टन आणि मॉस्को या दोघांनाही नाकारणाऱ्या एका लहानशा गटात ते काम करू लागले. हाच गट पुढे ‘इंटरनॅशनल सोशालिस्ट्स’ म्हणून ओळखला गेला. १९७७ साली त्याचा ‘सोशालिस्ट वर्कर्स पार्टी’ झाला, तेव्हा मात्र ते त्यात गेले नाहीत.

या वाटेवर त्यांना व्हिक्टर सर्ज भेटला. सर्जचा जन्म १८९० साली ब्रुसेल्समध्ये, निर्वासित रशियन आईबापांच्या पोटी झाला. तो १९१९ मध्ये क्रांतीच्या रशियात गेला, स्टालिनला विरोध केला म्हणून १९३३ साली ओरेनबर्गला हद्दपार झाला आणि १९४७ मध्ये मेक्सिकोत वारला. क्रांतीचे गुन्हे त्याने लपवले नाहीत आणि क्रांतीची आशाही टाकली नाही. त्याच्या फ्रेंच आत्मकथेचा सेजविककृत इंग्रजी अनुवाद १९६३ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९७२ मध्ये रशियन क्रांतीच्या पहिल्या वर्षाचा सर्जने लिहिलेला इतिहासही त्यांनी इंग्रजीत आणला. इंग्रजी वाचकाला सर्ज कळला, त्याचे मोठे श्रेय सेजविक यांचे.

त्यांची दुसरी झुंजही स्वकीयांशीच झाली. १९६०च्या दशकात मनोरुग्णालयांच्या कोंडवाड्यांविरुद्ध आवाज उठू लागला, आणि तो रास्तच होता. १९६१ या एकाच वर्षी गॉफमन, फुको आणि साझ यांची गाजलेली पुस्तके आली. लेंग यांचे पुस्तक त्याआधी वर्षभर आले होते. मानसिक आजार हे थोतांड आहे, समाजाने नकोशा माणसांवर मारलेला तो शिक्का आहे, असा सूर तरुण डाव्यांमध्ये लोकप्रिय झाला. मानसशास्त्र शिकलेल्या आणि पुढे यॉर्क व लीड्स विद्यापीठांत राज्यशास्त्र शिकवणाऱ्या सेजविक यांनी त्याला हरकत घेतली.

त्यांचा युक्तिवाद साधा होता. ‘आजार’ ही निसर्गाची नव्हे, माणसाची कल्पना आहे. बटाट्यावर बुरशी पडली तर आपण त्याला रोग म्हणतो, कारण आपल्याला बटाटा हवा असतो. आपण बुरशीच पिकवत असतो, तर तिथे रोग दिसलाच नसता. म्हणजे शरीराच्या आजारातही माणसाची मूल्ये असतातच. मग ती आहेत म्हणून मनाचा आजार खोटा कसा ठरेल? आणि आजारच नाकारला, तर उपचार, निवारा आणि सन्मान मागायचा कशाच्या आधारावर?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. १९६१ मध्येच आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी पंधरा वर्षांत मनोरुग्णालयांतील खाटा निम्म्यावर आणण्याचे सूतोवाच केले होते. खाटा कमी करणे सोपे होते, बाहेर पडलेल्या रुग्णासाठी घर, काम आणि माणसे उभी करणे खर्चाचे होते. ‘आजार नाहीच’ ही बंडखोर घोषणा पैसे वाचवू पाहणाऱ्या सरकारच्या पथ्यावर पडते, हे सेजविक यांनी ओळखले. थॅचर यांच्या कारकिर्दीत, १९८२ साली आलेल्या ‘सायको पॉलिटिक्स’ या ग्रंथात त्यांनी हे सविस्तर मांडले. बेल्जियममधील गील गावाचेही त्यांना अप्रूप होते. तिथली सामान्य कुटुंबे शतकानुशतके मनोरुग्णांना आपल्या घरात ठेवून घेत आली आहेत.

ग्रंथ आल्यानंतर पुढच्याच वर्षी, वयाच्या ४९व्या वर्षी सेजविक गेले. सर्जच्या आत्मकथेतून प्रकाशकाने गाळलेला मजकूर २०१२ च्या आवृत्तीत परत आला, तो सेजविक यांच्याच अनुवादाला जोडून. त्यांचा दुसरा हिशेब मात्र अजून मिटलेला नाही. रुग्णालयाचे दार उघडल्यावर बाहेर आलेल्या माणसाने जायचे कुठे, हे आजही बहुतेक ठिकाणी त्याच्या घरच्यांवरच सोडलेले असते.