संगीत परिभाषा, हिंदुस्थानी

हिंदुस्थानी संगीतातील स्वर, ताल, गीतप्रकार आणि गायनवादनाच्या क्रिया दर्शविणाऱ्या संज्ञांचा समूह. या संज्ञा एका काळी किंवा एका भाषेत घडलेल्या नाहीत. स्वर, श्रुती, राग, ताल, लय या तात्त्विक संज्ञा संस्कृत ग्रंथांतून आल्या. ख्याल, बंदिश, तालीम, रियाज, मैफल, उस्ताद हे शब्द अरबी-फार्सीतून दरबारी जीवनाबरोबर रूढ झाले. ठेका, मुखडा, पलटा, खटका, मींड हे शब्द मात्र गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांच्या नित्याच्या बोलीतले होत. संगीताच्या विद्यार्थ्याला आरंभीच्या एकदोन वर्षांतच हे तिन्ही थर एका यादीत शिकविले जातात आणि त्यामुळे प्रत्येक संज्ञेचा अर्थ पहिल्यापासून ठरलेला आहे, असा त्याचा समज होतो. वस्तुतः शब्द टिकून राहिला पण अर्थ पालटला, असे या परिभाषेच्या इतिहासात वारंवार घडले आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रातील (ख्रिस्ती शकाच्या आरंभीची शतके) २८ व्या अध्यायापासूनचा भाग हा या परिभाषेचा सर्वांत जुना व्यवस्थित आधार होय. सप्तकाच्या बावीस श्रुती मानून त्यांची सात स्वरांत ४, ३, २, ४, ४, ३, २ अशी वाटणी केली, म्हणजे षड्जग्राम सिद्ध होतो. त्यातील पंचम एका श्रुतीने उतरविला की मध्यमग्राम होतो. प्रत्येक ग्रामाच्या सात याप्रमाणे चौदा मूर्च्छना आणि अठरा जाती, अशी ही रचना आहे. ‘राग’ या शब्दाला आजच्या जवळचा पारिभाषिक अर्थ पुढे मतंगाच्या बृहद्देशीत मिळाला. भरताने स्थायी, आरोही, अवरोही व संचारी असे चार वर्ण सांगितले. वर्ण म्हणजे स्वरांच्या गतीचा प्रकार. त्यांपैकी ‘स्थायी’ आणि ‘संचारी’ हे शब्द पुढे ध्रुपदाच्या चार भागांपैकी दोहोंची नावे झाले. आज विद्यार्थी ‘स्थायी म्हणजे गीताचा पहिला भाग’ असे पाठ करतो आणि पुढच्याच पानावर ‘स्थायी वर्ण’ वाचून गोंधळतो. दोष त्याचा नाही; दोन भिन्न काळांतील अर्थ एका पुस्तकात शेजारी आले आहेत.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्राच्या भूमीवरचा आहे. देवगिरीच्या यादव राजा सिंघण (कार. १२१०–४७) याच्या पदरी श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेबखात्याचा प्रमुख असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर हा सात अध्यायांचा ग्रंथ रचला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत येऊन स्थायिक झाले. ग्राम, मूर्च्छना, जाती ही जुनी परिभाषा त्याने अत्यंत नेटकेपणे मांडली. परंतु परिभाषेच्या दृष्टीने त्याच्या ग्रंथाचा अधिक मोलाचा भाग प्रकीर्णकाध्याय हा होय. त्यात पंधरा गमक सांगितले आहेत, गायकांचे गुणदोष नोंदले आहेत, आणि रागाचे अवयव असे जे ‘स्थाय’, त्यांचे अनेक प्रकार दिले आहेत. ढाल, वहनी अशी त्यांची नावे पाहिली, की ती एखाद्या वैयाकरणाने घडविलेली नसून प्रत्यक्ष गाणाऱ्यांकडून ऐकलेली असावीत असे वाटते. शास्त्रकाराने कलावंताची बोली टिपून घ्यावी, ही गोष्ट पुढील काही शतकांत दुर्मिळ झाली.

कारण ग्रंथ आणि व्यवहार यांची नंतर फारकत झाली. सोळाव्या-सतराव्या शतकांत रामामात्याचा स्वरमेलकलानिधि (१५५०), सोमनाथाचा रागविबोध (१६०९), अहोबलाचा संगीतपारिजात असे ग्रंथ झाले व ग्राम-मूर्च्छनांच्या जागी ‘मेल’ ही कल्पना आली. अहोबलाने तर वीणेच्या तारेवरील लांबीच्या आधारे स्वरस्थाने सांगितली. पण दरबारात गाणारे बहुतेक कलावंत संस्कृत ग्रंथ वाचीत नव्हते. त्यांची विद्या वडिलांकडून मुलाकडे वा उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी जाई. दरम्यान खुद्द शुद्ध सप्तकच सरकले. भरत-शार्ङ्गदेवांचे शुद्ध सप्तक आजच्या काफीच्या जवळचे होते. उत्तरेत ते बिलावलाचे झाले. दक्षिणेत तिसराच प्रकार घडला. कर्नाटक संगीतातील शुद्ध ऋषभ म्हणजे उत्तरेतील कोमल ऋषभ होय. अंतर गांधार, काकली निषाद ही प्राचीन नावे दक्षिणेने जपली. उत्तरेत त्याच स्वरांना आता नुसते ‘शुद्ध’ म्हणतात.

घराण्यांतील शिक्षणात व्याख्येला जवळजवळ स्थानच नव्हते. शिष्य प्रथम षड्ज लावी, पलटे घोटी, मग चीज घेई. ‘मींड’ म्हणजे काय हे त्याला कोणी सांगत नसे. गुरूने एका स्वरावरून दुसऱ्यावर आवाज न तोडता नेला आणि ‘ही मींड’ असे म्हटले, की ती संज्ञा त्याच्या गळ्यात बसे. सम ही तर मानेच्या झटक्यानेच शिकविली जाई. या पद्धतीत शब्द कधी अनुभवाच्या पुढे धावत नसे. परंतु तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एकाच रागाचे नाव दोन घराण्यांत दोन स्वरूपांना दिले जाई, आणि विद्या देण्यात कृपणता असे. ज्याला घराण्यात प्रवेश नाही त्याला या शब्दांचा अर्थ कळण्याचा मार्गच नव्हता.

हा मार्ग विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) आणि विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) या दोन महाराष्ट्रीयांनी खुला केला. भातखंडे हे व्यवसायाने वकील. मुंबईच्या पारशी मंडळींनी १८७० मध्ये स्थापिलेल्या गायन उत्तेजक मंडळीशी त्यांचा संबंध आला. पुढे त्यांनी देशभर प्रवास करून ग्रंथ व चिजा मिळविल्या आणि हिंदुस्थानी संगीत पद्धति हा चार भागांचा ग्रंथ मराठीत लिहिला. गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेल्या या ग्रंथात संज्ञांची चर्चा प्रश्नोत्तरांतून उलगडते. बिलावल हे शुद्ध सप्तक त्यांनी निश्चितपणे स्वीकारले आणि राग दहा थाटांत बसविले. ‘थाट’ हा शब्दही त्यांनी वादकांच्या बोलीतून उचलला. सतारीसारख्या वाद्यावरील पडद्यांची मांडणी हा त्याचा वादकांतील अर्थ. पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून शुल्क, वर्ग, क्रमिक पुस्तके व परीक्षा यांची चौकट संगीताला दिली.

दोघांनीही स्वरलेखनाच्या पद्धती तयार केल्या, पण त्या जुळत नाहीत. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरील बिंदू तार सप्तक दाखवितो. पलुस्कर पद्धतीत तोच बिंदू मंद्र सप्तकाचा, आणि तार सप्तकासाठी उभी रेघ. एका पद्धतीचा विद्यार्थी दुसऱ्या पद्धतीचे पुस्तक उघडतो, तेव्हा त्याचे गाणे दोन सप्तके चुकू शकते.

या व्यवस्थेत किती अर्थ नव्याने घातला गेला, हे ‘वादी’ व ‘संवादी’ या संज्ञांवरून दिसते. भरताच्या मते अंश स्वर तो वादी, आणि त्यापासून नऊ वा तेरा श्रुतींच्या अंतरावर असलेला स्वर संवादी, म्हणजे षड्जाला मध्यम आणि पंचम. संवाद ही कानाला पटणारी गोष्ट होती. भातखंड्यांनी वादी हा रागाचा राजा व संवादी हा त्याचा मंत्री या अर्थी घेतला आणि वादीची रागाच्या समयाशी सांगड घातली. वादी पूर्वांगात असलेले राग मध्यान्हापासून मध्यरात्रीपर्यंतचे, तर उत्तरांगात असलेले त्यानंतरचे. मारवा सायंकाळचा; तेव्हा कोमल ऋषभ वादी व शुद्ध धैवत संवादी. पण या दोन स्वरांत जुन्या अर्थाचा संवाद नाही. श्री रागातील कोमल ऋषभ आणि पंचम यांच्यातही तो नाही. कित्येक गायक मारव्यात धैवतालाच प्राधान्य देतात, ते या कोष्टकात बसत नाही. तथापि भातखंड्यांनी नियम कृत्रिम केले असे म्हणून हात झटकणे अन्यायाचे होईल. विखुरलेल्या शेकडो रागांना लक्षात राहील अशी काही मांडणी देणे त्यांना भाग होते, आणि तीमुळेच सामान्य घरातल्या मुलामुलींना राग ओळखता येऊ लागले.

श्रुतींच्या बाबतीत मात्र एकमत झाले नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींची कंपनसंख्येने निश्चिती करण्याचा प्रयत्न केला, आणि १९१६ च्या बडोदे येथील पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत हा वाद रंगला. पेटीच्या पट्ट्यांवर श्रुती बसविण्याचा खटाटोप कलावंतांच्या पसंतीस उतरला नाही. आजही पुस्तकांतून श्रुतींची बावीस नावे छापली जातात. गायक त्यांचा उपयोग क्वचितच करतो. ‘तोडीचा गांधार अतिकोमल’ एवढेच तो सांगतो, आणि लावून दाखवितो.

१९३१ मध्ये पलुस्करांच्या शिष्यांनी स्थापिलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षांमुळे संज्ञांच्या व्याख्या महाराष्ट्रात घरोघर पोहोचल्या. त्या प्रामुख्याने ग्रंथांतील व भातखंडे-पलुस्करांच्या मांडणीतील आहेत. ‘हरकत घेणे’, ‘जागा घेणे’, ‘बढत’, ‘उपज’ हे मैफलीत रोज कानी पडणारे शब्द प्रश्नपत्रिकांत उशिरा आणि तुरळकच आले. अशोक दा. रानडे यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात हिंदुस्थानी संगीतातील बीजसंज्ञांचा शास्त्र आणि प्रयोग या दोन्ही अंगांनी विचार केलेला आहे. मराठी कलावंतांच्या बोलीतील शब्दांचा असा संग्रह करावयाचा, तर तो जुन्या ध्वनिमुद्रिकांतून, तबलजींच्या बोलांतून आणि शिकवण्या चालू असलेल्या खोल्यांतूनच गोळा करावा लागेल.