उपग्रहातील हेतुपुरस्सर त्रुटी आणि दृष्टिहीनांची वाट

१/ मे २०००च्या प्रारंभी अमेरिकेने एक कळ बंद केली. जीपीएसच्या नागरी संकेतांत तोवर हेतुपुरस्सर त्रुटी मिसळली जात असे. त्यामुळे सामान्य यंत्राने दाखवलेले स्थान शंभरेक मीटरपर्यंत चुकू शके. मोटारी आणि मोबाइलच्या इतिहासात हा प्रसंग नेहमी येतो. दृष्टिहीनांच्या इतिहासातील त्याचे स्थान मात्र क्वचितच सांगितले जाते. #धागा

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. १९२१ मध्ये ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज यांनी दृष्टी गेल्यावर वाहनचालकांना दिसावी म्हणून आपली काठी पांढरी रंगवली. दुसऱ्या महायुद्धात रिचर्ड हूव्हर यांनी अमेरिकेत दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी लांब काठीचे तंत्र विकसित केले. काठी पुढच्या पावलाचा धोका सांगते. ‘मी कुठे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी नसते.

३/ या दुसऱ्या प्रश्नाकडे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील मानसशास्त्रज्ञ जॅक लूमिस वळले. १९८५ मध्ये त्यांनी उपग्रहांच्या आधारे दृष्टिहीनांना वाट दाखवण्याची कल्पना मांडली. तेव्हा जीपीएसची उपग्रहमालिका पूर्णही झालेली नव्हती.

४/ त्याच विद्यापीठात रेजिनाल्ड गॉलेज हे भूगोलतज्ज्ञ होते. माणूस मनात परिसराचा नकाशा कसा रचतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. १९८४ मध्ये त्यांची स्वतःची दृष्टी गेली. आयुष्यभर अभ्यासलेला प्रश्न आता रोजच्या वाटेवर उभा राहिला. लूमिस, गॉलेज आणि मानसशास्त्रज्ञ रॉबर्टा क्लाट्झ्की यांनी मिळून संशोधन आरंभले.

५/ १९९०च्या दशकात त्यांचे यंत्र चालू लागले: पाठीवरच्या पिशवीत संगणक आणि जीपीएस, कानांवर हेडफोन, त्यावर होकायंत्र. वैशिष्ट्य होते ध्वनीत. इमारत उजवीकडे असेल, तर तिचे नाव उजवीकडूनच ऐकू येई. मान वळवली, तरी आवाज इमारतीच्याच जागी राही. डावे-उजवे मनात जुळवण्याचे श्रम त्यामुळे हलके होत.

६/ अडचण होती ती त्या हेतुपुरस्सर त्रुटीची. ज्याला रस्त्याची कड शोधायची आहे, त्याला शंभर मीटरची चूक म्हणजे भलतीच गल्ली. संशोधकांनी तोडगा काढला: ज्ञात ठिकाणी ठेवलेले केंद्र त्रुटी मोजून तिची दुरुस्ती रेडिओवरून कळवी. जिथे ही दुरुस्ती पोहोचत नसे, तिथे यंत्राचा भरवसा राहत नसे.

७/ २००० मध्ये ही भिंत पडली. त्याच वर्षी माइक मे यांनी सेंडेरो ग्रुप ही संस्था उभारली. बालपणी दृष्टी गमावलेल्या मे यांनी दृष्टिहीनांसाठी बोलके जीपीएस बाजारात आणले. उपकरणे मात्र विशेष होती आणि महागही. २००९ मध्ये आयफोन ३जीएसमध्ये व्हॉइसओव्हर हा पडदावाचक अंगभूत आला. साधा फोनच वाटाड्या होण्याची शक्यता खुली झाली.

८/ २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साउंडस्केप आणले. ठिकाणाचे नाव त्याच्याच दिशेने ऐकू येणे, ही सांता बार्बराची कल्पना आता खिशात मावली. पण २०२३ मध्ये कंपनीने ही सेवा बंद केली. आज्ञावली मात्र सर्वांसाठी मुक्त केली आणि तिच्यावर इतरांनी नवी ॲप उभारली.

९/ मित्रहो, या इतिहासात एक सूत्र दिसते. दृष्टिहीनांची वाट पुनःपुन्हा इतरत्र झालेल्या निर्णयांवर अवलंबून राहिली. त्रुटी घालणारे शासन होते, सेवा मिटवणारी कंपनी. साउंडस्केपची परंपरा टिकली, कारण आज्ञावली लोकांच्या हाती आली. म्हणून अशा साधनांकडे पाहताना ‘काय करते?’ याच्याच जोडीने ‘कोण बंद करू शकते?’ हेही विचारावे.

१०/ उपग्रहस्थान आजही काही मीटर चुकते. पदपथ आणि रस्ता यांतला फरक त्याला खात्रीने सांगता येत नाही. म्हणून फोन कानाशी असला, तरी हाती काठी असतेच. शंभर वर्षांपूर्वीचे साधन आणि अवकाशातले साधन एकाच माणसाबरोबर चालत आहेत. (समाप्त)