गावभिंतींची रंगरंगोटी : वऱ्हाडातील अल्पखर्ची ग्रामसजावटीचा इतिहास
(विशेष संदर्भ : अमरावती व अकोला जिल्हे)

प्रस्तावना

वऱ्हाडच्या सामाजिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने कापूस, जमीनमहसूल, सत्यशोधक व आंबेडकरी चळवळी आणि संतांचे प्रबोधनकार्य या विषयांभोवती झालेले आहे. गावातील भिंत मात्र या लेखनात क्वचितच येते. वास्तविक गावाचा दर्शनी भाग, म्हणजे चावडी, शाळा, मंदिर, पार, विहिरीचा काठ आणि रस्त्याकडेची घरे, यांवर कोणत्या काळी कोणता रंग चढला, तो कोणी चढविला आणि त्यासाठी पैसा कोठून आला, या गोष्टी सत्ता व श्रम यांच्या इतिहासाशी निगडित आहेत. थोड्या पैशांत गावाचे जुनाट बाह्यरूप पालटण्याच्या प्रयत्नांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. रंग स्वस्त पडतो तेव्हा उरलेली किंमत कोण चुकवितो, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

पांढरी आणि तिचा रंग

वऱ्हाडात शेतजमिनीला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणतात. ही नावे मातीच्या रंगावरूनच पडली आहेत. मातीची घरे पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी पडत आणि पुन्हा उभी राहत गेल्याने, राख व चुनखडीचे अंश मिसळून गावठाणाची माती पांढुरकी झाली. पुरातत्त्वज्ञ ज्या टेकाडांवर प्राचीन वसाहतींचा शोध घेतात ती बहुधा पांढरीचीच टेकाडे असतात. अमरावती जिल्ह्यातील तुळजापूर गढी येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८४-८५ मध्ये केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष मिळाले. हीच पांढरी माती गावकरी गढीतून खणून आणीत आणि भिंती लिंपण्यासाठी वापरीत. पूर्वजांच्या पडलेल्या भिंती वंशजांच्या भिंतींवर चढत राहिल्या, असे यास म्हणता येईल. मात्र या खणतीमुळे अनेक गढ्या झिजल्या, याचीही नोंद इतिहासाच्या अभ्यासकाने घेतलीच पाहिजे.

काळ्या मातीची भिंत बांधणे वऱ्हाडात धोक्याचे असते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पांढरी माती तुलनेने स्थिर असते, शिवाय उन्हाचा ताप परावर्तित करते. उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणाऱ्या अकोल्यासारख्या प्रदेशात पांढऱ्या भिंतीचा हा उपयोग लहान नाही. ऐपत असलेल्या घरी पांढऱ्या मातीऐवजी चुना येई. कळीचा चुना भिजवून, गाळून, त्यात थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घालून वाखाच्या कुंच्याने हात दिला जाई. भिंतीच्या पायथ्याशी गेरूचा पट्टा ओढला जाई. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो आणि तरीही भिंतीतील ओल बाहेर पडू देतो, हा त्याचा गुण व्यवहारातून सर्वांस ठाऊक होता.

या रंगरंगोटीला रोख पैसा जवळजवळ लागत नसे. माती फुकट, शेण घरचे, चुना स्वस्त. लागत असे तो वेळ आणि तो स्त्रियांचा असे. पावसाळा संपला की दसरा-दिवाळीच्या आधी घर, ओटा, अंगण आणि वाड्याची बाहेरची भिंत सारविण्याचे काम घरोघरच्या बायकांकडे होते. शेतीच्या हिशेबात सालदाराच्या वेतनाची नोंद होई. या कामाची कोणत्याही वहीत झाली नाही. ग्रामजीवनाच्या 'काटकसरी' सौंदर्याविषयी आपल्याकडे जे गौरवपर लेखन झाले आहे त्यात हा भाग गळून जातो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

झाडू, रामधून आणि कुंचा

गावाच्या सार्वजनिक जागेस घरच्या अंगणाइतकी निगा मिळाली पाहिजे, हा विचार वऱ्हाडात दोन संतांनी रुजविला. गाडगेबाबा (१८७६-१९५६) यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. बालपण अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे मामाच्या घरी गेले. गावात शिरताच हाती झाडू घेऊन रस्ते झाडणे आणि रात्री कीर्तनातून मनाची स्वच्छता सांगणे, ही त्यांची रीत सर्वश्रुत आहे. त्यांच्या कार्यात रंगापेक्षा श्रमाला प्राधान्य होते आणि ते श्रम करणारा हात प्रथम त्यांचा स्वतःचा असे. परंपरेने ज्या जातींवर हे काम लादले होते त्यांच्या वाट्याचे काम सर्वांसमक्ष स्वतः करणे, यातील सामाजिक आशय पुढील काळातील मोहिमांनी किती सांभाळला, हा वेगळा प्रश्न आहे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) यांनी या विचाराला संघटनेचे रूप दिले. ग्रामगीतेत ग्रामशुद्धी आणि ग्रामनिर्माण हे स्वतंत्र विषय म्हणून येतात. गुरुकुंज मोझरीशी जोडलेल्या श्री गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांनी रामधूनच्या निमित्ताने रस्ते झाडणे, सडा-रांगोळी घालणे व दर्शनी भाग नेटका ठेवणे या गोष्टी गावांच्या अंगवळणी पाडल्या. येथे प्रथमच 'माझी भिंत' ही 'गावाची भिंत' झाली.

भिंत शासनाची होते

स्वातंत्र्योत्तर काळात भिंतीला आणखी एक वाचक मिळाला. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यावर फवारणी कर्मचारी घराच्या भिंतीवर फवारणीची नोंद करू लागले. पुढे कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आला, साक्षरता अभियानाच्या घोषणा आल्या आणि प्रत्येक निवडणुकीत पक्षचिन्हे आली. गेरू आणि चुना हे स्वस्त माध्यम असल्यामुळेच या सर्वांना भिंत परवडली. राजकीय व व्यापारी भिंतलेखन इतके वाढले की मालमत्तेचे विरूपण रोखण्यासाठी महाराष्ट्रात १९९५ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. याच काळात बौद्ध वस्त्यांतील विहारांवर आणि घरांच्या चौकटींवर निळा रंग स्थिरावला. शासनाने सुचविलेला तो रंग नव्हता; वस्तीने आपल्या ओळखीसाठी निवडलेला होता. वऱ्हाडातील गावभिंतींच्या इतिहासात स्वेच्छेने निवडलेल्या रंगाचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण आहे.

तत्कालीन ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. आधी अनुदान आणि मग काम, हा क्रम त्यात उलटला होता. गावाने श्रमदान व लोकवर्गणीतून काम करावे आणि तपासणीत सरस ठरल्यास बक्षीस मिळवावे, अशी रचना होती. शौचालये, नाल्या, सांडपाणी हे अभियानाचे मुख्य विषय असले तरी अल्प खर्चात तत्काळ डोळ्यांत भरणारे काम रंगाचे होते. ग्रामपंचायत, शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी आणि मुख्य रस्त्यावरील घरे एका रंगात न्हाली. कुतूहलाने, स्पर्धेने, क्वचित तंटे मिटवूनही लोक एकत्र आले, हे अभियानाचे यश नाकारता येणार नाही.

तथापि तपासणी समिती ज्या वाटेने येई त्या वाटेवरच्या भिंतींना रंग आधी मिळे. गावाच्या टोकाशी असलेल्या वस्तीपर्यंत डबा पोहोचेपर्यंत वर्गणी बहुधा आटलेली असे. स्पर्धा दर्शनी भागाची झाली की खर्चाची वाटणीही दर्शनी भागाच्या बाजूने झुकते.

लोणा आणि डिस्टेंपर

येथे एका भौगोलिक घटकाचा विचार आवश्यक आहे. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांत ४,००० चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रावर पसरलेला आहे. या भागात भूजल व जमीन क्षारयुक्त आहे. क्षार ओलीबरोबर भिंतीत चढतात आणि पाणी सुकले की पृष्ठभागाशी स्फटिकरूपाने साचतात. यालाच लोणा लागणे म्हणतात. चुन्याच्या भिंतीवरचा लोणा झाडून पुन्हा एक हात देता येतो. तैलरंग वा प्लास्टिक रंगाचा थर मात्र ओल कोंडतो. क्षार थरामागेच साचतात आणि रंग पापुद्र्यांनी सुटू लागतो. मग दोन-तीन पावसाळ्यांत शाळेची भिंत पूर्वीपेक्षा अधिक जुनाट दिसते. पहिल्या खेपेस रंग लोकवर्गणीतून येतो. दुसऱ्या खेपेस वर्गणी जमत नाही, कारण स्पर्धा संपलेली असते. दरवर्षीच्या सारवणाची जागा एकदाच्या रंगकामाने घेतली आणि निगा राखण्याची सवय मोडली, हे या बदलाचे सर्वांत मोठे नुकसान आहे.

हाच क्रम नंतरच्या मोहिमांतही दिसतो. २०१६ पासूनच्या स्वच्छ सर्वेक्षणात शहरांतील संरक्षक भिंती आणि उड्डाणपुलांचे खांब रंगू लागले. २०२३-२४ मध्ये 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियानाने शाळांची सजावट गुणांकनाशी जोडली. बोलक्या भिंतींवरील पाढे, नकाशे व मुळाक्षरे मुलांच्या उपयोगाची आहेत, यात शंका नाही. परंतु मूळ ठाणे-पालघर परिसरातील वारली आकृत्या वऱ्हाडच्या भिंतींवरही सर्रास उमटतात आणि पायथ्याचा गेरूचा पट्टा दिसेनासा होतो, ही गोष्ट खटकते. शिवाय अनेक ठिकाणी हे काम शिक्षकांच्या खिशातून आणि सुट्टीच्या दिवशी होते. पूर्वी हिशेबात न धरलेले श्रम घरातील स्त्रीचे होते, आता ते शिक्षकाचे आहेत.

महाविद्यालयांची भूमिका

१९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरांतून आपली महाविद्यालयेही दत्तक गावांच्या भिंती रंगवीत आली आहेत. अमरावती विद्यापीठाचे २००५ मध्ये संत गाडगेबाबांच्या नावाने नामांतर झाल्यापासून या कामास वेगळा अर्थही लाभला आहे. इतिहासाच्या शिक्षकास या शिबिरात करण्यासारखे एक काम आहे. नवा रंग देण्यापूर्वी विद्यार्थी जुनी भिंत खरवडतात, तेव्हा डिस्टेंपरखाली घोषणा, घोषणेखाली नीळ घातलेला चुना आणि त्याखाली पांढरी माती असे थर उघडे पडतात. खरवडण्याआधी छायाचित्र घ्यावे. कोणता थर कोणत्या साली, कोणाच्या पैशाने व कोणाच्या हाताने चढला हे गावातील वृद्ध स्त्रियांना विचारून लिहून ठेवावे. आणि ती नोंद शिबिराच्या अहवालात खर्चाच्या तपशिलाशेजारी जोडावी. खारपाणपट्ट्यातील शिबिरांनी तैलरंगाऐवजी चुना निवडावा आणि डब्यांवर वाचलेले पैसे पुढच्या वर्षीच्या हातासाठी ग्रामपंचायतीकडे ठेवावेत. मुख्य रस्त्यापासून सर्वांत दूर असलेल्या वस्तीपासून काम सुरू करण्यास कोणताही जादा खर्च येत नाही.